लाल वाईनवर दोन शब्द

आमच्या कॉलनीतलं कुणी सिंगापूरला जाऊन आलं की महिनाभर सगळ्यांना फोटो बघावे लागतात. मी नांदेडहून लातूरमार्गे उदगीरकडे जाऊन आलो, तर कुणी कसा झाला प्रवास एवढंसुद्धा विचारलं नाही. म्हणून लिहायला बसलो. जे तिकडे गेले नाहीत त्यांना थोडं कळावं, आणि मी तिथे काय केलं ते लोकांनी माझ्या मेहुणीकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावं.

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. पण मला ओळखतात ते माईकमुळे. लग्न असो, जयंती असो, नामकरण असो की जलदान विधी, 'सूत्रसंचालन : कांबळे' हे ठरलेलं. चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनात मी चपलेवर असा बोललो होतो की मालकाला आपण चप्पल विकतो की समाजसेवा करतो हे कळेनासं झालं. विषयाची माहिती नसणं ही माझ्या बाबतीत कधीच अडचण ठरलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मी दारूला शिवलेलो नाही. वडिलांनी लहानपणी विहारात नेऊन पंचशील म्हणायला लावलं. त्यातलं पाचवं शील मी अक्षरशः पाळलं. बाकीच्या चारांबद्दल आमच्या मंडळींना विचारा.

आता अशा माणसाची मुलगी वाईन करते. सुजाता अन्नतंत्रज्ञान शिकली, नाशिककडे नोकरीला लागली, आणि ती सोडून उदगीरच्या अलीकडे गोविंदराव बिरादार यांच्या मळ्यात एक शेड घेऊन वाईन करायला लागली. द्राक्षं त्यांची, कला हिची. हे कळलं तेव्हा मी तिच्याशी बरेच दिवस बोललो नाही. मग बोलायला लागलो, पण पाऊस, तब्येत आणि तिच्या आईचे गुडघे, एवढ्याच विषयांवर.

त्या उन्हाळ्यात पाऊस हा विषयही उरला नव्हता. लातूरला पाणी रेल्वेने यायचं चाललं होतं. अशात सुजाताचा फोन आला.

"बाबा, पुण्याच्या एका हॉटेलची खरेदी बघणाऱ्या बाई येणार आहेत वाईन बघायला. त्यांनी घेतली तर वेली राहतील. नाही तर गोविंदराव उपटणार आहेत. आहे ते पाणी माणसांना आणि जनावरांना द्यायचं म्हणतात, आणि ते चुकीचं बोलत नाहीत."

"मग मी काय करू?"

"गावातल्या समितीने त्याचा कार्यक्रम केलाय. मंडप, सत्कार, सगळं. माईक कुणाच्या तरी हातात जाणारच आहे, तर तो तुमच्या हातात असू द्या. एक घोट घेऊन चव सांगायची, दोन शब्द बोलायचे."

"घोट?" मी विचारलं.

"गिळायची नाही, बाबा," ती घाईने म्हणाली. "जाणकार लोक गिळतच नाहीत. हुंगतात, तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात."

"एवढ्या लांबून येऊन थुंकतात?"

"हो."

लेकीने माझ्याकडे काही मागायची ती कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ होती. मी हो म्हणालो.

नांदेड

तयारीसाठी पहिली अडचण म्हणजे वाईन मिळवणं. नांदेडात वाईन शॉपच्या पाट्या पावलोपावली आहेत. मी तोंडाला रुमाल बांधून, घरापासून लांबच्या एका दुकानात गेलो. रांगेतल्या दोघांनी लगेच ओळखलं आणि "जयभीम साहेब, तुम्ही बी?" म्हणून मला पुढे जागा करून दिली. काउंटरवर पोचल्यावर मी हळू आवाजात लाल वाईन मागितली.

"वाईन न्हाई ठेवत आपण," दुकानदार म्हणाला.

"पाटीवर तर लिहिलंय."

"पाटीवर 'सौजन्य हीच आमची ओळख' असं बी लिव्हलंय. पुढं सरका."

तेव्हा घरीच काळ्या चहावर सराव सुरू केला. मोबाईलवर एक गोरे गृहस्थ हे शास्त्र शिकवतात. ते ग्लास गोल फिरवायचे, नाक आत घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे की यात चेरी आहे, जुनं चामडं आहे, पावसाने भिजलेल्या जंगलातली माती आहे. चेरी मी केकवरच पाहिली आहे. भिजलेलं जंगल म्हणाल तर आमच्याकडे किनवटचं, आणि त्या वर्षी ते जाळायला ठेवल्यासारखं वाळलं होतं. म्हणून मी आपली देशी यादी जमवली. जांभूळ, करवंद, चिंचेचा कोळ, नव्या चपलेचा वास. चपलेवर बोलायची तर मला सवयच होती. स्टीलच्या पेल्यात चहा फिरवून, नाकाने ओढून, गालात घोळवून मी तो बेसिनमध्ये थुंकायचो, आणि डोळे मिटून "करवंद" म्हणायचो.

मंडळी दारात उभ्या राहून बघत होत्या. "तोंड आलंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. त्या आत गेल्या आणि त्या दिवसापासून मला चहा अर्धाच मिळू लागला. थुंकायचाच आहे तर पूर्ण कशाला, आणि दूध तर नाहीच.

लातूर

वाटेतल्या रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. रस्ता फारसा उरलेला नाही आणि झाडंही नाहीत. लोह्याला रसवंतीवर थांबलो तेव्हा सवयीने रसाचा ग्लास फिरवून हुंगला. रसवाला म्हणाला, "ताजाच हाय मालक, माशी न्हाई पडली." मी ग्लासाकडे बघून मान डोलावली आणि तो पिऊन टाकला. तो इशारा मला तिथेच कळायला हवा होता.

लातूरला मुक्काम साडूंकडे होता. भगवानराव हे माझे साडू, फार कमी बोलणारे. त्यांच्या वाटचं शोभा बोलते. शोभा म्हणजे माझी मेहुणी. त्या दिवसांत लातूरला पाहुणा म्हणून जाणं हा एक प्रकारचा गुन्हाच होता. पण शोभाने मला बघून कपाळाला आठी घातली नाही. उलट ज्वारीच्या भाकरी, येसर मसाला घातलेली झणझणीत आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असं पान वाढलं. गल्लीत घरोघर प्लॅस्टिकच्या टाक्या दारातच मांडलेल्या, आणि काहींना तर कुलपं होती. आमच्याकडे नांदेडात लोक सोनं आत ठेवतात आणि टाकी गच्चीवर. इथे सोनं कुठे ठेवतात ते विचारायचा धीर झाला नाही.

मी आमटीची वाटी उचलली. काय झालं माझं मलाच कळलं नाही. हात आपोआप गोल फिरला, वाटी नाकाजवळ गेली आणि मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा शोभा हातात पळी धरून तशीच उभी होती.

"दाजी, वास कामून घ्यायलात?"

"काही नाही, सहज."

"रातची न्हाई ती. पहाटं टँकरमागं पळून आणलेल्या पाण्यात शिजवलीय. तुमच्यासाठी."

"शोभा, मी फक्त अंदाज घेत होतो."

हे माझं आयुष्यातलं सगळ्यात वाईट सूत्रसंचालन. कसला अंदाज, असं तिने विचारलं. आमटीचा की तिचा, तिच्या भांड्यांचा की लातूरच्या पाण्याचा. भगवानराव खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. मी घाबरून ताकाचा घोट घेतला, तो गालात घोळवला, आणि बेसिन कुठे आहे हे बघायला मान वळवली. ती मान वळलेली शोभाने पाहिली. मग माझ्यापुढचं ताट उचललं गेलं.

"चांगल्या हाटेलात जेवा तुमी," असं म्हणून ती आत गेली. हात धुवायच्या आत मंडळींचा नांदेडहून फोन आला. "आमटी हुंगलीत म्हणे?"

माफी मागून, सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगून, शेवटी पुन्हा ताट मिळालं. पण शोभा समोर बसून माझं नाक बघत होती. मी श्वास तोंडाने घेतला आणि वाटी चाटूनपुसून संपवली. मला खरंच वाईट वाटत होतं. टँकरमागे धावून तिचा गुडघा सोलवटला होता, ते मला जेवण झाल्यावर दिसलं.

त्या दुपारी माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी त्या गोऱ्या गृहस्थांनी सांगितली नव्हती. आपल्याकडे अन्न हुंगतो तो संशयी. पेल्यातलं हलवून उजेडाला धरतो तो त्यात केस शोधतो. आणि तोंडातलं थुंकतो तेव्हा त्यात खडा तरी असतो नाही तर यजमानाशी भांडण. वाईनवाल्यांचा सगळा शिष्टाचार म्हणजे आपल्याकडचे तीन अपमान एका रांगेत उभे केलेले. मी ताबडतोब सुजाताला फोन लावला.

"तिथल्या लोकांना आधी सांगून ठेव गं. हुंगणं, थुंकणं वगैरे."

"गोविंदरावांना सांगितलंय बाबा. ते सांगतील सगळ्यांना."

गोविंदराव हा सज्जन माणूस आहे. त्यांनी कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं, हे आपल्याला पुढे कळेल.

उदगीरच्या अलीकडे

उदगीरचा जिल्हा होणार अशी हवा तेव्हा जोरात होती. होणार म्हणजे लोकांनी तो करूनच टाकला होता. एका केशकर्तनालयावर 'नियोजित जिल्ह्यातील पहिले वातानुकूलित' अशी पाटी होती. जीपमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला कलेक्टर कचेरी कुठे होणार, तिचं तोंड कुठल्या दिशेला असणार आणि समोर वडापावची गाडी कुणाच्या भाच्याची लागणार हे सगळं सांगितलं. पाण्याचं काय, असं मी विचारलं. "जिल्हा झाला की पाणी येतंच की," ते म्हणाले. जणू पाणी बदलीवर गेलेलं होतं आणि नवीन कार्यालय मिळालं की हजर होणार होतं.

गोविंदरावांच्या मळ्यावर पोचलो तेव्हा त्यांच्या आई, आक्का, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि आपल्या हाताने चहा दिला. माझे वडील अशा अंगणाबाहेर उभे राहत असत. मी बाजेवर बसून चहा प्यालो आणि तो अजिबात हुंगला नाही.

"सुजी माजीच लेक हाय," आक्का म्हणाल्या. "माज्या लेकाला द्राक्षं पिकवता येतात, बोलता येत न्हाई. पोरीला दोनी येतंय."

सुजाताने मला शेड दाखवलं. टाक्या, नळ्या, एका कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या बाटल्या. बाहेर वेली होत्या, पानं कडेने करपलेली. ती एकेका टाकीवर हात ठेवून सांगत होती, कधी काय केलं, कुठे चुकलं, कुठे रात्र रात्र जागावं लागलं. मला तिचा अभिमान वाटला. तो लपवायला गेलो तर तोंड रागावल्यासारखं झालं. ती पटकन म्हणाली, "तुम्हाला इथला वास त्रास देत असेल, बाहेर बसू."

"नाही, नाही," एवढंच मी म्हणालो. माईकशिवाय मला बोलता येत नाही, ही माझी घरगुती अडचण आहे.

कार्यक्रम संध्याकाळी उन्हं उतरल्यावर होता. जिल्हा निर्मिती समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले होते. त्या दुष्काळात एवढे पांढरे कपडे बघूनच माणूस पुढारी आहे हे कळत होतं. आधी सत्कार झाले. पुण्याच्या बाईंचा झाला, माझा झाला, गोविंदरावांचा त्यांच्याच अंगणात झाला, आणि शेवटी टँकरच्या ड्रायव्हरचा झाला, तो सगळ्यात टाळ्यांचा. मग आप्पासाहेब बोलायला उठले.

"आपला किल्ला, आपली देवणी गाय आणि आपली ही वाईन," ते गरजले, "या तीन गोष्टींवर नवा जिल्हा उभा राहणार आहे! ही वाईन समितीचं स्वप्न होतं!"

समितीने हे स्वप्न त्या दिवशी दुपारीच पाहिलं असावं, कारण सकाळी त्यांच्यातल्या एकाने मला ही वाईन कशापासून करतात हे विचारलं होतं.

पाहुण्यांना ग्लास दिले. पुण्याच्या बाई शांत, बारीक चणीच्या होत्या. त्यांच्या आणि माझ्या मध्ये एक स्वच्छ बादली ठेवली होती. मी ती नजरेने नीट हेरून ठेवली. सुजाताने दोघांना थोडी थोडी ओतली आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी ग्लास खालच्या दांडीला धरला, फिरवला, हुंगला, एक घोट तोंडात घेतला आणि त्या गोऱ्या गृहस्थांसारखे डोळे मिटले.

डोळे मिटलेले असताना जे झालं ते असं. बाईंनी ग्लास फिरवला, बराच वेळ हुंगला, घोट घेतला आणि सरळ बादलीत थुंकला. ओट्यावरच्या बायकांतून आक्का उठल्या.

"माज्या अंगनात येऊन लेकीच्या हातचं थुकायचं? ह्ये न्हाई चालायचं."

आणि त्या बादली उचलून घरात घेऊन गेल्या.

मी डोळे उघडले. तोंड भरलेलं होतं आणि बादली नव्हती.

आप्पासाहेबांनी क्षणात माईक ओढला. "एक खुलासा करतो. समितीचा सदर उत्पादनाशी थेट संबंध नाही. किल्ला आणि गाय, या दोन गोष्टींवर नवा जिल्हा भक्कम उभा राहील. आता मुलीचे वडील दोन शब्द बोलतील." आणि माईक माझ्या हातात कोंबला.

चाळीस वर्षांत माझ्या हातात माईक आला आणि शब्द फुटला नाही असं कधी झालं नव्हतं. समोर सगळं गाव. बाई वहीत काहीतरी लिहिण्यात गुंतलेल्या, त्यांना काय घडलंय याचा पत्ताच नाही. गोविंदराव जमिनीकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बापालाबी गिळवंना राव." बाहेर जाऊन थुंकावं तर शंभर माणसांमधून वाट काढत जावं लागणार, आणि बापाने पळत जाऊन लेकीची वाईन थुंकली ही बातमी माझ्याआधी नांदेडला पोचणार. गिळावं, तर आयुष्यभर पाळलेलं एकच शील. माझे गाल दुखायला लागले. डोळ्यांत पाणी आलं, ते वाईनमुळे की कशामुळे ते मला सांगता येणार नाही. मग मी ठरवलं. गिळायची. लेकीसाठी गिळायची. मी मान वर केली.

सुजाता पुढे आली. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मी काय करणार आहे हे तिला कळलं. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि माझ्या हनुवटीखाली धरली, आपण लहान पोराच्या तोंडातला चटका बसलेला घास काढून घेतो तशी.

"थुंका, बाबा," ती म्हणाली. "मला चालतंय."

सगळ्या गावादेखत मी माझ्या लेकीच्या ओंजळीत थुंकलो.

आक्का दारात आल्या होत्या. "अगं बया! हातात घेतलंस?"

"आक्का, बाबा दारू गिळत न्हाईत. कधीच न्हाई," सुजाता ओंजळ तशीच धरून म्हणाली. "आणि या बाईंचं म्हणाल तर चव बघायची रीतच तशी हाय. थुकलं म्हंजी वंगाळ असं न्हाई."

"मंग आदी सांगायचं नव्हं?" आक्का लेकावर कडाडल्या. "गोविंदा! तोंडात काय मिठाची गुळनी धरली हुतीस?" बादली परत आली. सुजाताने ओंजळ तिच्यात सोडली.

माईक अजून माझ्या हातात होता. 'आदरणीय व्यासपीठ' वगैरे राहूनच गेलं.

"मी दारू पीत नाही," मी म्हणालो. "ही वाईनही मी गिळलेली नाही आणि पुढेही गिळणार नाही. पण ही माझ्या लेकीने केली आहे. आणि खरं सांगतो, मला ती थुंकावीशी वाटत नव्हती."

एवढं बोलून मी खाली बसलो. माझं सगळ्यात छोटं भाषण. टाळ्या झाल्या का ते आठवत नाही. आप्पासाहेब मात्र पुन्हा उभे राहिले आणि तीन गोष्टींवर आले.

पुण्याच्या बाईंनी वही मिटली. त्यांना म्हणे वासावरच ठरवता आलं होतं, बाकी सगळा कारभार उगाच झाला. आहेत तेवढ्या सगळ्या बाटल्या त्या घेणार होत्या, आणि पुढच्या हंगामातल्याही. गोविंदराव उठले आणि वेलींच्या बाजूला एकटेच चालत गेले.

मंडप रिकामा झाल्यावर सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. हात पुसून पुसून ओढणी जांभळी झाली होती, तळवे तसेच होते. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मी तरी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला इतक्या लांबून बोलावलं होतं, आणि चव सांगायची राहिलीच की."